सूपभर कोंडा आणि सरकारी तीट

आधी एक कबूल करा, हसणार नाही. निदान माझं सांगून होईपर्यंत तरी नाही. आमच्या घरात हा विषय निघाला की हे पहिल्या वाक्यालाच खो खो करायला लागतात, आणि मग पुढचं मला कोणी सांगूच देत नाही.

तर गोष्ट अशी, की मी माझा पोटचा मुलगा विकला होता.

बघा, गेल्या ना भुवया वर? सूपभर कोंड्याला विकला. भाताच्या कोंड्याला! आणि सरकारने मध्ये पडून तो मला परत मिळवून दिला. आता नीट बसा, सांगते.

तेव्हा आम्ही कळव्याला राहत होतो. हे ठाण्याच्या एका गिरणीत टाइमकीपर. ठाण्यात जागा परवडेना, म्हणून खाडीच्या अलीकडे दोन खोल्या घेतलेल्या. हे रोज पुलावरून चालत जायचे आणि चालत यायचे. संध्याकाळी पुलाकडून येताना दिसेपर्यंत मी दारात उभी. जरा उशीर झाला की खाडीच्या पाण्याकडे बघून मला नाही नाही ते सुचायचं. माझा स्वभावच मेला तसा. दूध उतू गेलं तरी मला वाटायचं, झालं, आता काहीतरी होणार.

त्याला कारणही होतं म्हणा. माझी पहिली मुलगी सव्वा महिन्याची होऊन गेली. तिच्याबद्दल मी फार बोलत नाही. तिचं टोपडं तेवढं ट्रंकेत आहे अजून.

मग मुकुंदा झाला. पाचव्या दिवशी शेजारची चांगुणाबाय हातात सूप घेऊन आमच्या उंबऱ्यापाशी उभी राहिली.

चांगुणाबाय म्हणजे भिंतीला भिंत लावून राहणारी आगरीण. घरवाला आणि थोरले दोन मुलगे मिठागरावर कामाला. एकूण सात मुलं, आणि सातही ठणठणीत! आवाज असा, की तिने कळव्यातून पोराला हाक मारली तर ठाण्यातली माणसं मागे वळून बघतील.

“बाय, ह्या पोर मना इक.”

“अहो, काय बोलताय काय!”

“इक सांगतंय ना! तुझे घरान टिकाचा नाय असा भ्याव वाटतंय ना तुना? मंग तुझा कशाला ठेवतंस? माझा कर. तो येल, तुझे दारान बघल, लोक सांगतील हिचा पोर नाय. मंग जाईल परत.”

तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

मी मुकुंदाला सुपात ठेवलं आणि उंबऱ्यावरून पलीकडे दिलं. तिने त्याला उराशी धरलं, सूपभर कोंडा आणून माझ्या पदरात ओतला, आणि झाला व्यवहार! मग तिने पोर पुन्हा माझ्याच मांडीवर ठेवलं.

“हा आता माझा. तुझेकडं सांभाळाला दिलाय. पाज, न्हाऊ घाल, काय कराचा ता कर. पन परक्या मानसानी इचारला, कोनाचा पोर, त काय सांगाचा?”

“माझा नाही.”

“मंग कोनाचा?”

“चांगुणाबायचा.”

“तीन वर्सां असाच सांगाचा. मंग सूपभर तांदूल दे आनी परत इकत घे.”

बारशाला नाव मुकुंद ठेवलं, पण हाक मारायची ‘कोंड्या’. मुकुंद हे मी फक्त त्याच्या कानात म्हणायची, तो झोपला की. कोंड्यातला मूठभर कोंडा पुरचुंडीत बांधून देवाच्या फळीवर ठेवला. आमच्या ह्यांना हे काही पटत नव्हतं. शिकलेला माणूस! पण टोपडं ट्रंकेत ठेवताना तेही तिथेच उभे होते, त्यामुळे बोलले नाहीत. फक्त कामावरून आले, की चप्पल काढता काढता विचारायचे, “चांगुणाबाईंचे चिरंजीव जेवले का?”

असे दहा महिने गेले. मुकुंदा रांगायला लागला. आणि एक दिवस दारात सरकार आलं!

सरकार म्हणजे कसं, तर पायांत धुळीने माखलेल्या वहाणा, काखेत भली मोठी वही आणि कानावर पेन्सिल. दिवस रेशनिंगचे. नवी कार्डं करायची म्हणून कचेरीतला कारकून घरोघर माणसं लिहून घेत फिरत होता. त्या दिवसांत घरातली माणसं कशी वाढायची, ते तुम्हाला मी काय सांगू! कोणाचे वारलेले आजोबा महिन्याच्या महिन्याला साखर खात होते. कोणाची चार वर्षांपूर्वी सासरी गेलेली बहीण अजून माहेरीच जेवत होती. आमच्या ओळीतल्या एका बाईने तर पाळण्यात वरवंटा दुपट्यात गुंडाळून ठेवला. कारकून म्हणाला, “बाळ फार शांत आहे हो तुमचं.” आणि लिहून घेतलंन!

मग तो माझ्याकडे आला. जुनं कार्ड बघितलं.

“माणसं दोन?”

“दोन.”

तेवढ्यात मुकुंदा रांगत रांगत आला आणि त्याने कारकुनाच्या वहीची दोरी ओढली.

“आणि हे मूल?”

परका माणूस! हातात वही उघडी! आणि निघालाय कशाला, तर घरोघरची मुलं मोजायला! आपण मुलांना मोजू नये म्हणून बोटंसुद्धा मिटून घेतो, आणि हा कागदावर लिहिणार, वर शिक्का मारणार!

“माझा नाही,” मी म्हटलं.

“मग कोणाचा?”

“शेजारच्या चांगुणाबाईंचा.”

आणि नेमका त्याच वेळी मुकुंदा माझ्याकडे बघून म्हणाला, “आ...ई.”

पहिल्यांदा! अहो, आयुष्यात पहिल्यांदा! दहा महिने मी त्या शब्दासाठी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“तुम्हाला आई म्हणतोय तो,” कारकून म्हणाला.

“सगळ्यांनाच म्हणतो,” मी म्हटलं.

कारकुनाने चष्मा काढून पुसला. “बाई, महिनाभर उन्हात फिरतोय. माणूस कमी सांगणारं घर आज पहिलं भेटलं.” मला अगदी हात जोडून गेला तो!

मी भिंतीला कान लावला. पलीकडून चांगुणाबायचा आवाज कान न लावताही आला असता.

“त्या बाजूचं मूल तुमचं का हो?”

“माझा नाय त कोनाचा?”

“तुमचं वय?”

“मना काय ठाव? लिव साठ!”

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे हातपाय धूत होते. तांब्या तसाच हातात राहिला.

“म्हणजे सरकारच्या दप्तरी आता तो त्यांचा?”

“नावालाच हो.”

“अगं, दप्तरात नावालाच असतं सगळं! तिथे तू-मी काय, मांडी घालून बसलोय थोडेच?”

पुढे दोन महिने काही झालं नाही. चांगुणाबाय दर खेपेला रेशन आणलं, की वाटीत साखर घेऊन यायची. “घे, माझे पोराची.” तिच्या घरात तोंडं नऊ, पण त्या वाटीत कधी चिमूटभर कमी नसायची.

आणि मग ठाण्याच्या कचेरीतून तिला एक कागद आला. ओळीत मराठी सातवीची फायनल पास झालेली बाई मी एकटीच, त्यामुळे कोणाचाही कागद आला की माझ्याकडेच यायचा. मी पदर सारखा करून, मोठ्या आवाजात वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला माझा आवाज बसला.

आपण आपलं वय साठ दाखवलंत, दहा महिन्यांचं मूलही दाखवलंत. सदर मूल खोटं असल्याचा संशय आहे. आठ दिवसांत मुलासह हजर होऊन खुलासा करावा. न केल्यास संपूर्ण कार्ड रद्द होईल.

“संपूर्ण म्हणजे?” चांगुणाबायने विचारलं.

“म्हणजे सगळ्यांचंच.”

ती जोत्यावर बसली. पावसाळा तोंडावर आलेला. पाऊस लागला की मिठागरं बंद, घरातले तिन्ही पुरुष रिकामे. तिथे कार्ड गेलं तर सात मुलांनी खायचं काय?

“चांगुणाबाय, तुम्ही खरं सांगून टाका. म्हणावं, पोर तिचं आहे.”

तिने मान हलवली. “मी नाय सांगाची. मी इकत घेतलाय त्याला. माझे तोंडातून तुझा हाय असा आयला आनी उद्या त्याला काय झाला, मंग?”

कार्ड जाईल म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान हलायची थांबेना. तिच्या सात मुलांचा घास माझ्या एका वाक्यावर अडला होता, आणि ते वाक्य माझ्याच्याने निघत नव्हतं. मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हे एवढंच म्हणाले, “कचेरीत जा आणि खरं काय ते एका वाक्यात सांग.”

एका वाक्यात!

दुसऱ्या दिवशी मी, चांगुणाबाय आणि तिच्या कडेवर मुकुंदा, असे आम्ही पूल ओलांडून ठाण्याला गेलो. मी देवाच्या फळीवरची पुरचुंडी कमरेला खोचली होती. साहेब पन्नाशीचे, कोटाच्या कोपराला ठिगळ लावलेले, समोर कागदांचे ढीग. शेजारच्या टेबलाशी आपला तोच कारकून. मला ओळखून त्याने मान लववली. “साहेब, ह्याच त्या प्रामाणिक बाई.”

साहेबांनी विचारलं, “हे मूल कोणाचं?”

“माझा,” चांगुणाबाय म्हणाली.

“या वयात?”

“मंग? पोर काय वय इचारून येतंय?”

“दाखला आहे?”

“पोरच आनलाय ना! आनी दाखला कशाला?”

साहेबांनी सुस्कारा टाकून माझ्याकडे बघितलं. “तुम्ही कोण?”

“मी आई,” मी म्हटलं. “म्हणजे आई नाही. म्हणजे जन्म मी दिला. पण आई ह्या. म्हणजे माझा आहे, पण माझा नाही.”

“बाई, एका वाक्यात सांगा.”

घ्या! हेही तेच!

मी डोळे मिटले आणि सांगितलं, “मी त्याला ह्यांना विकलाय.”

अख्ख्या कचेरीतल्या टाकांची कुरकुर थांबली. दारातला पट्टेवाला आत आला. वरचा पंखा तेवढा फिरत राहिला.

“विकलाय?” साहेब हळूच म्हणाले. “कितीला?”

“सूपभर कोंड्याला.” मी पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. “ही घ्या. ह्यातलाच आहे.”

माझा प्रामाणिक कारकून पुढे वाकला. “साहेब, कोंडा कंट्रोलमध्ये येतो का?”

“आधी मूल येतं का ते बघू दे मला!” साहेब ओरडले. मग आमच्याकडे वळले. “बाई, हे काय चालवलंय? आता आपलं राज्य आहे, आपली घटना आहे. माणसाने माणूस विकायचा नाही, असं तिच्यात लिहिलंय. विकणारी आणि घेणारी, दोघी आत जाल!”

“कोनी लिवलाय?” चांगुणाबायने विचारलं.

“आपणच सगळ्यांनी.”

“मना नाय इचारला.”

पट्टेवाल्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. पण चांगुणाबाय हसत नव्हती. तिने मुकुंदाला आणखी घट्ट धरलं. “साहेब, कार्ड नेताव त न्या. मना तुरुंगान घाला. पन पोर तिचा हाय, ह्या मी नाय सांगाची. मी सबूद दिलाय.”

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. मी तिच्या कडेवरून मुकुंदाला ओढून घेतला आणि म्हटलं, “माझा आहे, साहेब. त्याचं नाव कोंड्या नाही, मुकुंद आहे. माझा मुलगा आहे. पहिली गेली, म्हणून मी... हा राहावा, म्हणून...” आणि पुढे रडूच आलं. भर कचेरीत, पट्टेवाल्यासमोर, मोठ्याने!

रडता रडता मी एका डोळ्याने मुकुंदाकडे बघत होते. म्हटलं, आता काय होतंय! काही झालं नाही हो. त्याने साहेबांचा रबरी शिक्का उचलला होता आणि नव्या दातांनी कुरतडत होता.

साहेबांनी शिक्का काढून घेतला नाही. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडे सूप न्यायचं कोणाला सुचलं नाही.”

एवढंच. आणि समोरचा कागदांचा ढीग सारखा करू लागले.

थोड्या वेळाने घसा खाकरून म्हणाले, “तुम्हाला मोजण्याची भीती वाटते ना? मला सांगा, तुमच्या घरी कार्य निघालं, तर पंगतीआधी माणसं मोजता की नाही? कशाला मोजता? दृष्ट लावायला? कोणी उपाशी उठू नये म्हणून मोजता. आमची वही म्हणजे तेवढंच आहे, बाई. कोणाची दोन पानं नकोत आणि कोणी पानावाचून नको. ह्या लेकराचं पान चुकून शेजारच्या ओळीत मांडलं गेलंय. ते उचलून तुमच्या ओळीत मांडू या. बाईंच्या कार्डाला हात लावत नाही आम्ही.”

असं म्हणून त्यांनी शिक्क्याच्या पॅडवर करंगळी टेकवली आणि मुकुंदाच्या गालावर जांभळा ठिपका लावला.

“ही सरकारी तीट. आता लिहिलं तरी चालेल ना?”

चांगुणाबाय पुढे झाली. तिने ठिपका निरखून बघितला. “पुसाचा त नाय ना?”

“आमची शाई सहजासहजी पुसत नाही.”

“मंग लिवा,” ती म्हणाली. “माझी काय हरकत नाय.” आणि पुरचुंडी टेबलावरून उचलून तिने कमरेला खोचली. व्यवहार मोडला होता ना, कोंडा तिचा!

कारकुनाने नवीन अर्ज काढला. घरातल्या सगळ्या माणसांची नावं पहिल्यापासून लिहायची. “सांगा, बाई. यजमानांचं नाव?”

आता ह्यांचं नाव मी तोंडाने कसं घेणार? आणि उखाणा घालायची ही काय जागा? मी म्हटलं, “द्या इकडे, मीच लिहिते. मला येतं लिहायला.” सगळी कचेरी बघत होती. मघाशी रडून घालवलेली अब्रू परत मिळवायची हीच वेळ! मी पदर खोचला आणि वळणदार अक्षरात ह्यांचं नाव लिहिलं. खाली मुकुंदाचं. काना, मात्रा, वेलांटी जागच्या जागी. एकूण माणसं, दोन. आणि अगदी तळाला, अर्जदाराची सही. आडनावाखाली रेघसुद्धा मारली!

“सुंदर अक्षर आहे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला. त्यावर मुकुंदाच्या दातांची खूण उठली होती.

पूल ओलांडून परत येताना मी त्याला मोठमोठ्याने हाक मारत होते. मुकुंद! मुकुंदा! खाडीत होडी घेऊन निघालेल्या एका कोळ्याने वर बघून हात केला. त्याचंही नाव तेच असावं.

पंधरा दिवसांनी नवं कार्ड आलं. मी ते आधी देवापुढे ठेवलं, मग ह्यांच्या हातात दिलं. चांगुणाबाय दारात उभी होती. ह्यांनी ते वाचलं. उलटून बघितलं. पुन्हा वाचलं. मग वर बघून मला म्हणाले, “आपण कोण?”

“म्हणजे?”

“या घरात मी आहे. चिरंजीव मुकुंदा आहेत. मग आपण कोण, कोणाकडे आलात?”

मी कार्ड ओढून घेतलं. माणसं, दोन. ह्यांचं नाव. मुकुंदाचं नाव. आणि मी? मी कुठेच नव्हते!

“अहो, पण मी लिहिलं होतं! अर्जावर तळाला चांगली सही आहे माझी!”

“सही अर्ज करणाऱ्याची, बाईसाहेब. जेवणाऱ्यांची नावं वर लिहायची होती.”

जुन्या कार्डावर माणसं दोन होती, आता तीन व्हायची. मुकुंदाला आत घेण्याच्या गडबडीत मी स्वतःच बाहेर पडले होते! तरी मी म्हटलं, “साहेबांनीच पंगत म्हटलं होतं. पंगतीत वाढणारणीचं पान कोणी मांडतं का कधी?”

यावर हे हसता हसता जरा थांबले. आत गेले, ताटाळ्यातून माझं ताट काढलं आणि पाटापुढे ठेवलं. म्हणाले, “बस. मी वाढतो आज.” वाढताना आमटी पाटावर सांडली, ती गोष्ट वेगळी.

“पण आता मी कोणाच्या कार्डावर जेवू?” मी रडवेली होऊन विचारलं.

चांगुणाबायने कमरेची पुरचुंडी काढली, भिंतीवरचं सूप उचललं आणि मला डोक्यापासून पायांपर्यंत नीट न्याहाळलं.

“सुपान माव्हाची नाय तू,” ती म्हणाली. “पन ये. तुना पन इकत घेतंय. कोंडा हाय.”

आणि आमचे हे काय म्हणाले असतील? म्हणाले, “कोंडा राहू द्या, चांगुणाबाय. सातवी पास आहे, तशीच घेऊन जा.”